हिवाळ्यातील रविवार



आमच्या बंगालचा हिवाळा अल्पायुषी असतो. काश्मीरच्या किंवा पंजाबच्या श्रोत्यांना आमच्या कानटोप्या पाहून हसू येत असेल, तर त्यात त्यांचा काही दोष नाही. परंतु वर्षाचा बहुतेक काळ घामात काढणाऱ्या माणसाला या थोड्या आठवड्यांचे अप्रूप वाटणारच. सुटीच्या दिवशी गच्चीवर चटई अंथरली जाते, लोणच्याच्या बरण्यांशेजारी माणूस पुस्तक घेऊन उन्हात पहुडतो, आणि खालून ओल्या मटारांच्या कचोऱ्या तळल्याचा वास येतो. वाचन आणि भोजन यांचा असा संगम दुसऱ्या कोणत्याही ऋतूत साधत नाही. कोलकात्याचा पुस्तक मेळा १९७६ साली सुरू झाला, तोही याच दिवसांच्या आश्रयाने वाढला.

या सुखाचा प्राण म्हणजे खजुरीचा नवा गूळ, ज्याला आम्ही ‘नोलेन गुड’ म्हणतो. दुपारनंतर झाडाच्या माथ्याशी साल तासून मडके बांधावयाचे, रात्रभर थेंब थेंब रस साठू द्यावयाचा, आणि ऊन चढण्यापूर्वी तो उतरवावयाचा. उशीर झाला की रस आंबतो. थंडी जितकी कडक, तितका रस निर्मळ. मग पसरट कढईत तो आटवतात. ही आच सांभाळणे हे खरे कसब होय. नरेंद्रनाथ मित्र यांची ‘रस’ ही कथा याच कसबावर उभी आहे. रस काढणारा पुरुष एका स्त्रीच्या हातच्या गुळासाठी तिच्याशी विवाह करतो आणि हंगामाची कमाई हाती येताच तिला सोडून देतो. १९७३ सालच्या ‘सौदागर’ या हिंदी चित्रपटाला हीच कथा आधारभूत आहे. गोडवा बाजारात पोहोचला, पण तो ज्या हातांनी आणला ते हात चुलीपाशीच राहिले.

पौष संक्रांतीला नव्या तांदळाच्या पिठाची, नारळ आणि गूळ भरलेली पिठी घरोघरी होतात. ती खाताना गच्चीवर कोण आहे आणि खाली कोण आहे, हे एकदा पाहावे. पुस्तक बहुधा गच्चीवर असते.

ते खाली कसे पोहोचले, त्याची हकिकत राससुंदरी देवींनी लिहून ठेवली आहे. १९व्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या या स्त्रीचा विवाह बाराव्या वर्षी झाला. मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन यांतच दिवस मावळत असे. स्त्रीने अक्षर शिकणे तेव्हा निंद्य समजले जाई. घरात ‘चैतन्य भागवता’ची हस्तलिखित पोथी होती. तिचे एक पान त्यांनी हळूच काढून घेतले, मुलाने अक्षरे गिरवलेले एक ताडपत्र मिळवले, आणि दोन्ही स्वयंपाकघरात लपवून ठेवली. रांधता रांधता संधी मिळे तेव्हा एकातले अक्षर दुसऱ्याशी ताडून पाहावयाचे, कोणाची चाहूल लागली की झाकावयाचे. अशा रीतीने त्या वाचावयास शिकल्या.

लिहिणे मात्र पुष्कळ वर्षे साधले नाही. याचे त्यांनी दिलेले कारण मला फार मार्मिक वाटते. वाचन चोरून करता येते, परंतु लेखनाला कागद, दौत, लेखणी हवी आणि ती समोर मांडून बसावे लागते. घरकामातून तेवढी बैठक कोण देणार? पुढे शिक्षणासाठी दूर राहिलेल्या मुलाने, आई पत्राला उत्तर का देत नाही म्हणून तक्रार केली, आणि कागद, लेखणी, शाई हे सारे साहित्य स्वतःच आणून त्यांच्या हाती दिले. ‘आमार जीवन’ हे त्यांचे पुस्तक बंगालीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते.