मुलांच्या विद्येचा कस कसा पाहावा?

(पालकांच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



मुलांच्या परीक्षेविषयी चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही खेड्यातले शिक्षक. मोठे व्याख्यान देण्याची आमची योग्यता नाही. वीस वर्षे शाळेत काढली, त्यात जे शिकलो आणि जेथे चुकलो, तेवढेच सांगतो.

प्रथम चूक सांगतो. आमच्या वर्गात एका लोहारबंधूचा मुलगा पाचवीत होता. हजेरी पुरी, वागणूक चांगली, धडा विचारला की घडाघडा म्हणे. आम्ही त्याच्या प्रगतिपत्रकात ‘वाचन चांगले’ असे लिहून मोकळे झालो. एके दिवशी त्याचे वडील सोसायटीची नोटीस हाती घेऊन शाळेत आले. घरी मुलास ती वाचावयास दिली, तर तो खाली मान घालून बसला. ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या कागदावर पोरगा पास आणि माझ्या घरात नापास, हे कसं काय?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलगा धडा वाचत नव्हता, ऐकून पाठ म्हणत होता. दोष त्याचा नव्हता. आम्ही पारख न करता शेरा लिहिला, हा दोष आमचा होता.

बंधूंनो, पारख म्हणजे काय ते आपल्या विटे-खानापूर-आटपाडीकडील गलाईवाल्यांस विचारा. सोने हाती आले की ते आधी कस पाहतात : खरे किती, हीण किती. हे सोने फेकून देण्यासाठी नव्हे, तर हीण किती काढावयाचे हे कळावे म्हणून. मुलाच्या परीक्षेचा हेतूही हाच असला पाहिजे.

कायद्याने याची सोय केली आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी आपल्या राज्याने पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ ही पद्धत स्वीकारली. तीत केवळ लेखी पेपर नव्हता. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी साधने शिक्षकाच्या हाती दिली. पहिली-दुसरीस शंभरांपैकी सत्तर गुण या रोजच्या कामाला आणि तीस सत्राच्या परीक्षेला. वर जावे तसे हे प्रमाण बदलत सातवी-आठवीस चाळीस आणि साठ झाले. योजना उत्तम होती. परंतु वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत बसून लिहिल्या, तर त्या नोंदी राहत नाहीत, नुसती शाई होते. हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने बोलतो.

मग आम्ही काय केले? ‘असर’ नावाची पाहणी २००५ सालापासून देशातील खेड्यांत होत आली आहे. तिचे साधन अगदी साधे : एका कागदावर अक्षरे, शब्द, सोपा उतारा आणि एक गोष्ट, दुसऱ्यावर अंक, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. एकेका मुलास जवळ बसवून कोठे अडते ते पाहावयाचे. आम्ही लोहाराच्या मुलास तसे बसविले. अक्षरे आली, साधे शब्द आले, जोडाक्षराशी गाडी थांबली. पुठ्ठ्याच्या कार्डावर तारीख घालून लिहिले : ‘शब्द वाचतो. जोडाक्षर अडते.’ रोज वीस मिनिटे तेवढेच काम केले आणि दर पंधरवड्यास नवी ओळ लिहिली. दिवाळीनंतर त्याने वडिलांस नोटीस वाचून दाखविली. मग सर्व वर्गाची कार्डे केली, तेव्हा आणखी सहा मुले तशीच निघाली.

आता काही मंडळी म्हणतील, नापास करा म्हणजे पोरे सुधारतील. २०२३ साली राज्याने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा आहे. परीक्षेस आमचा विरोध नाही. परंतु ‘नापास’ या एका शब्दाने जोडाक्षर अडते की वजाबाकी, हे कळत नाही. ज्यांचे मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला लिहिले होते की, निकालावर अनुदान देण्याची रीत गरीब, अडाणी लोकांच्या उपयोगाची नाही. आम्ही त्यातून इतके घेतो की, निकालाचा बडगा उगारला की कच्चे मूल शिक्षकास नकोसे होते, किंवा त्याच्या नावापुढे खोटा शेरा पडतो. दोहोंतही बुडतो तो कष्टकऱ्याचाच मुलगा.

ऊसतोडीस येणाऱ्यांची आणि मेंढरांमागे फिरणाऱ्यांची मुले तर अर्ध्या वर्षात शाळा बदलतात. त्यांच्यासाठी ‘शिक्षण हमी पत्रक’ आहे. गाव सोडताना ते मागून घ्या. बाडबिस्तऱ्याइतकेच ते जपा, म्हणजे नव्या गावचा शिक्षक मुलास पहिल्या पानापासून बसविणार नाही.

शेवटी मातांस एक विनंती. आपणांस वाचता येत नसले तरी पारख करता येते. पुस्तकात सारखा दिसणारा शब्द दोन ठिकाणी शोधा, मुलास मधूनच त्यावर बोट ठेवून विचारा. दोन्हीकडे एकच उच्चार आला तर मूल वाचते आहे. निराळा आला तर समजा पाठांतर चालले आहे. वडिलांनी डेअरीच्या पावतीवरून दहा दिवसांच्या दुधाची बेरीज करून घ्यावी. चुकले तर मारू नका, शेजारच्या पोराचे उदाहरण देऊ नका, “आपल्या जातीला हे जमायचं नाही” हे तर तोंडातून काढूच नका. ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी आपणांस ऐकविले आहे.

आणि शाळेत आलात की “किती मार्क पडले?” एवढ्यावर थांबू नका. “काय येते, काय अडते आणि त्यावर तुम्ही काय करणार?” असे आम्हांस विचारा. त्या लोहारबंधूने विचारले म्हणून आम्ही सुधारलो. आपणही विचारा, आम्हांस राग येणार नाही.