आपत्तीचा पहिला प्रहर आणि आपली गावे

(वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वडीलधाऱ्यांचा सत्कार झाला. अशा मंगल प्रसंगी पूर, दरड आणि वादळ यांची गोष्ट काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरांच्या नात्याने आपण येथे एकत्र येतो, ती घरे ज्या भूमीवर उभी आहेत तिचा विचार संमेलनात न करावा तर कोठे करावा? आपली बहुसंख्य कुटुंबे आज मुंबई, ठाणे, पनवेल येथे स्थायिक झाली आहेत. तरी त्यांची मूळ घरे, देव्हारे आणि बहुतेकांची म्हातारी माणसे अद्याप रायगड जिल्ह्यात, विशेषतः महाड-पोलादपूरच्या बाजूस आहेत. जुन्या पिढीच्या तोंडी हा कुलाबा जिल्हा. १९८१ पासून तो रायगड झाला. नाव बदलले, डोंगर व नद्या त्याच राहिल्या.

प्रथम या भूमीची घडण पाहू. एका बाजूस सह्याद्रीचा उभा कडा व दुसऱ्या बाजूस समुद्र, यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत आपली गावे वसली आहेत. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि थोड्याच अंतरात पोलादपूर-महाडच्या सखल भागात उतरते. त्यामुळे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांतच खाली येतो, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पाणी ओसरावयास विलंब लागतो. डोंगरउतारांची गोष्ट निराळी. काळ्या खडकावर माती व कुजलेल्या दगडाचा जाड थर असतो. सततच्या पावसाने तो पाण्याने भरून जड होतो, खडकावरील त्याची पकड सुटते व तो घरादारांसह खाली घसरतो. रस्त्यासाठी वा घरासाठी उताराचा पायथा तोडला, पाण्याच्या जुन्या वाटा बुजविल्या, तर हे संकट अधिक जवळ येते.

आता घडलेल्या गोष्टी आठवा. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले व तेथेही दीडशेहून अधिक बळी पडले. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. महाड शहर पाण्यात बुडाले, तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली सापडली, आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी प्राण घेतले. १९ जुलै २०२३ रोजी रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर डोंगर कोसळला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसांचा शोध लागला नाही.

या तारखांकडे नीट पाहावे, अशी आमची विनंती आहे. हे चारही घाले जुलै महिन्यातील आहेत. आपण गावी केव्हा जातो? मे महिन्याच्या सुट्टीत, आणि नंतर गणपतीला. म्हणजे गाव सर्वांत अधिक धोक्यात असते, नेमके त्याच वेळी तरुण हात गावात नसतात. आषाढातील गाव हे वृद्धांचे, लहान मुलांचे आणि शेतीसाठी मागे राहिलेल्या मोजक्या माणसांचे गाव असते. जिल्ह्याच्या आपत्तीचा विचार करताना आपल्यासारख्या शहरवासी समाजाने हीच गोष्ट सर्वांआधी लक्षात घ्यावयास हवी.

दुसरी गोष्ट मदतीच्या वेळेची. माळीणची वार्ता बाहेर पडली ती एस.टी.च्या चालकाला नेहमीच्या ठिकाणी गाव दिसेना म्हणून. तळिये येथे बाहेरील मदत पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला, कारण वाटा पाण्याने व दरडींनी बंद झाल्या होत्या. इर्शाळवाडीस मोटाररस्ता नव्हता. बचावपथके अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेने चढून गेली. त्या चढणीवर एका अग्निशमन अधिकाऱ्याचा प्राण गेला. मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. माती हातांनी उपसावी लागली. शासनाची यंत्रणा पूर्वीपेक्षा पुष्कळ सज्ज झाली आहे, यात शंका नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. परंतु कितीही सज्ज यंत्रणा असली तरी आपत्तीचा पहिला प्रहर गावालाच एकट्याने काढावा लागतो. त्या प्रहरात कोण जगतो हे पुष्कळसे आधी केलेल्या तयारीवर ठरते.

तयारीने काय साधते, याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, असंख्य घरांची छपरे उडाली. पण मनुष्यहानी त्या मानाने अल्प झाली. वादळाची सूचना आधी मिळाली होती, आणि हजारो माणसे वेळीच सुरक्षित जागी नेली गेली होती. दरड अशी वर्दी देत नाही हे खरे. मात्र अतिवृष्टीची वर्दी हवामान खाते देते. नारंगी इशारा म्हणजे तयार राहा, आणि लाल इशारा म्हणजे आता कृती करा. दरडीखालच्या घराने लाल इशारा हीच दरडीची वर्दी मानावी.

आता ज्ञातिसंस्थेने काय करावे, याविषयी आमच्या सूचना मांडतो.

पहिली सूचना ज्ञातिगणनेविषयी. आपल्या गणनेत शिक्षण, नोकरी व विवाहयोग्य मुलामुलींची नोंद असते. तीत आणखी एक पान जोडावे: गावच्या घरात पावसाळ्यात कोण राहते, वय काय, चालता येते की उचलून न्यावे लागेल, औषध कोणते चालू आहे, आणि रात्री हाक मारल्यास धावून येणारा शेजारी कोण. या नोंदीची एक प्रत गावातील पोलीस पाटलांकडे व एक शहरातील मुलाकडे असावी.

दुसरी सूचना मे महिन्याची. सुट्टीत गावी गेलेल्या तरुणांनी एक दिवस गावकऱ्यांबरोबर डोंगराची फेरी करावी. जमिनीस नवी भेग, कललेली झाडे वा विजेचे खांब, नव्या जागी फुटलेला झरा, घराच्या भिंतीस तडा किंवा एकाएकी घट्ट बसू लागलेले दार, अशी चिन्हे दिसल्यास ग्रामसभेत ठेवून तहसीलदारांना लेखी कळवावे. ओहोळ व गटारे मोकळी करावीत. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या सरकारी यादीत नव्हती. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

तिसरी सूचना घरातील सामग्रीची. विजेरी, शिटी, दोर, औषधे व सुका खाऊ एका पिशवीत तयार असावा. सात-बारा, रेशनपत्रिका, आधार व बँकेचे पुस्तक यांच्या प्रती शहरातील घरी ठेवाव्यात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. तथापि अशा रात्री दूरध्वनी बंद पडतो. म्हणून देवळाची घंटा वाजली की कोणी कोठे जमावयाचे, हे आधीच ठरलेले असावे.

चौथी सूचना सर्वांत कठीण आहे, कारण ती मनाची आहे. आपली वडीलधारी माणसे घर सोडावयास तयार होत नाहीत. देवघरात दिवा कोण लावील, गोठ्यातील गुरांना कोण पाहील, लोक काय म्हणतील, हे त्यांचे प्रश्न असतात, आणि ते क्षुल्लक नाहीत. ऐन पावसात, दूरध्वनीवरून ते सुटत नाहीत. म्हणून उन्हाळ्यातच, समोरासमोर बसून, दादा-काकांचा मान राखून ठरवावे की लाल इशारा आला की दिवसाउजेडी, दोन रात्रींपुरते, अमक्या नातलगाच्या घरी मुक्काम. तेथे जागा तयार असावी. गुरे सोडण्याचे काम एका शेजाऱ्याकडे सोपविलेले असावे. डोंगर कोसळला नाही तर जाणे व्यर्थ गेले असे कोणी म्हणू नये. दोन रात्री पाहुणे म्हणून राहिल्याने घराण्याचा मान कमी होत नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ही संस्था ज्ञातीची आहे. पण दरड घरे निवडताना ज्ञाती विचारीत नाही, आणि मातीखालच्या माणसास बाहेर काढणारा पहिला हातही ज्ञाती विचारीत नाही. तो हात बहुधा शेजारच्या वाडीतील असतो. तेव्हा जी नोंद आपण आपल्या घरांची करू ती सबंध वाडीची करावी, आणि जी घंटा वाजेल ती सर्वांसाठी वाजावी.

आपत्तीनंतर निधी जमविण्याची आपल्या समाजाची परंपरा उदार आहे. ती चालू राहो. त्या निधीचा एक भाग यापुढे आपत्तीपूर्वी खर्च व्हावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने येत्या सभेत मांडावा, आणि मे महिन्यापूर्वी प्रत्येक गावासाठी दोन तरुणांची नावे निश्चित करावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.