जीबीएस : घाबरू नका, पण थांबूही नका

२०२५च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जीवाणू पोटात जातो, जुलाब होतात. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडलाही. त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती क्वचित आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, चप्पल पायातून निसटते. काहींना श्वासही घेता येत नाही. बातम्यांतून भीतीच जास्त पसरली. खरं तर वेळेवर उपचार मिळाले, की बहुतेक रुग्ण बरे होतात. जुलाबानंतर पायांतली ताकद कमी वाटली, तर लगेच रुग्णालय गाठा. पाणी उकळूनच प्या.