फैजपुराहून खडीच्या वाटेनें

फ्रान्सांतील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यानें १८८७ मध्यें सायकलप्रवासाला वाहिलेलें मासिक काढलें. तिकडे खेड्यापाड्यांतील खडीच्या वाटांनीं सायकलीवरून हिंडणारे आजही पुष्कळ आहेत. आपल्याकडे तशी वाट शोधणाऱ्यानें फैजपूर गाठावें. राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन येथलेंच, डिसेंबर १९३६ चें.

पावसाळ्यांत काळी माती चाकांस चिकटून सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून दसऱ्यानंतर निघावें. टायर रुंद असावे व हवा किंचित् कमी. उत्तरेस सातपुड्याकडे वळलें कीं केळीच्या बागा विरळ होत जातात, चढ लागतो आणि चाकाखालीं गोटे वाजूं लागतात. डोंगरांतील नाल्यांनीं पायथ्याशीं आणून टाकलेला हा थर आहे. पावसाचें पाणी त्यांत मुरतें, खालच्या विहिरींस पोंचतें आणि त्यावर केळीचें पीक उभें राहतें. परंतु मुरतें त्याहून उपसा अधिक झाल्यानें यावल-रावेर भागांत पाणी खोल गेलें आहे. मोटारींतून जाणाऱ्यास हे गोटे दिसतही नाहींत. सायकलस्वाराच्या मनगटांना ते चांगलेच कळतात. अशा वाटेवर दोन तास घालविलेला मनुष्य घरीं केळें सोलतांना त्या पाण्याचा विचार केल्यावांचून राहणार नाहीं.