देव कसा आणि सुख कशात : कॅथलिक व मॉर्मन

(विहारातील रविवारच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर वाचून मागच्या दोघा-तिघांनी कपाळाला आठ्या घातल्या, त्या आम्ही पाहिल्या. आपण देव मानत नाही, मग दुसऱ्याच्या देवाची चौकशी कशाला? प्रश्न रास्त आहे. तेव्हा आम्ही या भानगडीत कसे पडलो ते आधी सांगतो.

साचेखात्यात आमच्या शेजारी वसईचा एक कॅथलिक गडी पुष्कळ वर्षे कामाला होता. गिरणी बंद पडली, तो गावी गेला, पण येणं-जाणं तुटलं नाही. त्याची थोरली मुलगी नर्स होऊन अमेरिकेत युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी या शहरात नोकरीला लागली. तिथे एका मॉर्मन मुलाशी तिचं जमलं आणि आता तीही मॉर्मन व्हायचं म्हणू लागली. मित्र एका संध्याकाळी आला. चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाला, "भाऊ, तू पुस्तकं वाचतोस. ते पण येशूचं नाव घेतात, आम्ही पण घेतो. मग पोरीला परत स्नानसंस्कार कशाला? आणि त्यांच्या मंदिरात लग्न लागतं, तिथे आईबापांना आत सोडत नाहीत म्हणे. खरं काय ते सांग."

आम्ही सातवी शिकलेले. डिक्शनरी उशाशी घेऊन तीन-चार महिने वाचलं. त्याला जे सांगितलं तेच आज आपल्यापुढे मांडतो.

कॅथलिक आपल्याला माहीत आहेत. रोमचे पोप, मिस्सा, फादर, मदर मेरी. मॉर्मन मात्र बऱ्याच जणांना नवे असतील. या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, जन्म 1805, गरीब शेतकऱ्याचा मुलगा. 1820 साली, चौदा वर्षांचा असताना, न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावाजवळच्या रानात आपल्याला देवबाप आणि येशू असे दोघे वेगवेगळे, समोरासमोर दिसले, असं त्यानं सांगितलं. 1830 साली त्यानं 'मॉर्मनचे पुस्तक' छापलं आणि त्याच वर्षी पंथ स्थापन केला. 1844 साली इलिनॉय राज्यात कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्याला गोळ्या घालून मारलं. पुढे ब्रिगहॅम यंगनं अनुयायांना घेऊन 1847 साली युटाचं खोरं गाठलं. 2018 पासून त्यांचे पुढारी सांगतात की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, आमचं पूर्ण नाव घ्या. ते नाव फार लांब आहे, म्हणून आम्ही जुनंच वापरतो. त्यात अनादर नाही.

आता देव. इथेच सगळी मेख आहे. कॅथलिक म्हणतात, देव एकच; बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे, पण त्यांचं तत्त्व एक. 325 साली निकेया येथे धर्मगुरूंची परिषद भरली, तिथे पुत्र बापाशी एकतत्त्व आहे असं ठरलं. या देवाला शरीर नाही. त्याला सुरुवात नाही, तो बदलत नाही, आणि त्यानं हे सगळं विश्व शून्यातून निर्माण केलं. म्हणजे निर्माता एकीकडे आणि निर्मिती दुसरीकडे, मधली दरी कायमची.

मॉर्मन ही दरीच मानत नाहीत. त्यांच्या मते देवबापाला हाडामांसाचं, पण अमर असं शरीर आहे. पुत्राला वेगळं शरीर आहे. पवित्र आत्मा तेवढा आत्मरूप. तिघे स्वतंत्र, हेतूनं एक. गिरणीतल्या भाषेत सांगायचं तर कॅथलिकांचे तीन हे एकच माणूस नव्हेत आणि तीन माणसंही नव्हेत, ते समजायला कठीण. मॉर्मनांचे तीन म्हणजे एका विचाराची कमिटी. आमच्या मित्राला हा दाखला आवडला नाही, पण फरक त्याच्या ध्यानात आला. शिवाय मॉर्मन म्हणतात की शून्यातून काही होत नाही. देवानं असलेल्या द्रव्याला घडवलं, आणि माणसातलं मूळ चैतन्यही अनादी आहे. मरण्यापूर्वी काही आठवडे जोसेफ स्मिथनं एका भाषणात सांगितलं की देव स्वतः एके काळी माणूस होता, आणि माणूसही वाढत वाढत देवासारखा होऊ शकतो. देवबापाच्या जोडीला स्वर्गीय माता आहे, हेही ते मानतात.

आता कॅथलिकांवर अन्याय नको. माणूस देवाच्या जीवनात सहभागी होतो असं तेही शिकवतात. पण त्यांच्याकडे माणूस कितीही पवित्र झाला तरी निर्मितीच राहतो.

देव असा, म्हणून सुखही तसं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनासनं मांडणी केली की पैसा, मान, सत्ता, शरीराचं सुख यातलं काहीच माणसाला पुरत नाही. पूर्ण सुख म्हणजे देवाचं प्रत्यक्ष दर्शन, आणि ते या जन्मात मिळत नाही. आदामाच्या पापाचा डाग जन्मतः प्रत्येकावर आहे, म्हणून तान्ह्या मुलाला स्नानसंस्कार देतात. मेल्यावर शुद्धी राहिली असेल तर ती शुद्धिस्थानात होते. इथलं दुःख ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडलं तर वाया जात नाही.

मॉर्मन म्हणतात, माणूस आहेच मुळी आनंदासाठी. आदामानं फळ खाल्लं ते बरंच झालं, नाहीतर माणसाची वाढच खुंटली असती. त्याच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला नाही, म्हणून तान्ह्यांचा बाप्तिस्मा ते मानत नाहीत. आठव्या वर्षी देतात. आणि सर्वांत मोठं सुख एकट्याचं नसतंच. मंदिरात लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं, नवरा-बायको-मुलं कायमची बांधलेली राहतात, आणि सर्वोच्च स्वर्गात वाढ चालूच राहते. कॅथलिक लग्न मृत्यूपर्यंत. पुढे आपली माणसं भेटतात, पण नवरा-बायको म्हणून नाही.

हे ऐकून आमचा मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तिचा नवरा तिला कायमचा मिळणार, आणि आम्ही?"

याचंही उत्तर त्यांच्याकडे आहे. मेलेल्या पूर्वजांची नावं शोधून, त्यांच्या वतीनं जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. पलीकडे तो आत्मा ते स्वीकारतो किंवा नाकारतो. यासाठीच त्यांनी जगभरच्या वंशावळी गोळा केल्या आहेत. 2008 साली रोमनं आपल्या धर्मप्रांतांना कळवलं की चर्चची रजिस्टरं त्यांना नक्कल करायला देऊ नका. त्याआधी 2001 साली रोमनं ठरवलं होतं की मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही. प्रोटेस्टंटांचा सहसा ग्राह्य धरतात, यांचा नाही, कारण शब्द तेच असले तरी त्रैक्याचा अर्थ वेगळा. उलट मॉर्मनांच्या मते खरा अधिकारच प्रेषितांनंतर लोपला आणि तो जोसेफ स्मिथला परत मिळाला. म्हणून तेही कॅथलिकाला पुन्हा पाण्यात उतरवतात. मित्राच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

वाचताना एका ठिकाणी आम्ही पुस्तक मिटून ठेवलं. 1978 सालापर्यंत या पंथात काळ्या पुरुषांना याजकपद नव्हतं आणि काळ्या स्त्री-पुरुषांना मंदिरातले ते मोठे विधी नव्हते. म्हणजे कायमच्या कुटुंबाचं जे सर्वोच्च सुख, त्याच्या दारावर कातडीचा रंग पाहणारा पहारेकरी! 1978 ला ते उठलं. नंतर त्यांनी त्यामागची जुनी कारणंही नाकारली. कॅथलिकांचाही हात स्वच्छ नाही, गोव्यात 1560 साली सुरू झालेलं इन्क्विझिशन आपल्या शेजारचंच. दारात कोणाला उभं केलं, हे आम्ही प्रत्येक धर्माला विचारतो, आणि विचारत राहणार.

राहिला लग्नाचा प्रश्न. मंदिरात फक्त परवानापत्र असलेले सभासद जातात. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडायची आणि मिळकतीचा दहावा हिस्सा द्यायचा, तेव्हा ते पत्र. मुलगी नवी, तिला निदान वर्षभर थांबावं लागतं. 2019 पासून मात्र आधी कायद्याचं लग्न सर्वांसमोर करून पुढे मंदिरात जायला त्यांच्यात अडचण राहिली नाही. हे सांगितलं तेव्हा मित्रानं तो गार झालेला चहा एका दमात संपवला.

लग्न तसंच झालं. व्हिसा मिळाला नाही, म्हणून वसईच्या घरात वीस माणसांनी मोबाईलवर पाहिलं. मुलगी आईला हात करून हसली. नंतर महिन्याभरानं तिचा फोन आला, आजी-आजोबा, पणजीची नावं आणि जन्मतारखा पाठवा. आई म्हणाली, त्या मिस्सा ऐकत मेल्या, त्यांना विचारल्याशिवाय नाही द्यायची. मित्र पुन्हा आमच्याकडे आला. खिशात कागद होता, त्यावर आजीचं नाव लिहिलेलं. आम्ही म्हटलं, पोरीला फोन लाव, तू त्या नावाचं काय करणार आहेस ते तिच्याच तोंडून ऐक. त्यानं तिथेच बसून फोन लावला. अर्धा तास बाप-लेक बोलत होते, आम्ही बाहेर ओट्यावर उभे राहिलो. कागद त्यानं परत खिशात ठेवला. अजून तो त्याच्याकडेच आहे.