आमच्या भजनी मंडळाने स्पीकर घेतला

आज आम्ही भजनाबद्दल बोलायला आलो आहोत, पण अभंग आणि चाली बाजूला ठेवून. आज बोलायचं आहे स्पीकरबद्दल. हसू नका. आमच्या अकरा जणींच्या मंडळात जेवढे वाद या एका खोक्यावरून झाले, तेवढे आजवर कधी कशावरून झाले नव्हते.

सुरुवात झाली शेजारच्या गावच्या सप्ताहात. रात्रीची आमची पाळी होती. मांडवात साउंडवाल्याने लग्नाच्या वरातीला लावतात तसले दोन मोठे स्पीकर उभे केले होते. आमच्यात सगळ्यात थोरल्या आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचा आवाज बारीक, पण गवळण म्हणायला लागल्या की समोरचं माणूस जागचं हलत नाही. त्या दिवशी आजींनी तोंड उघडलं आणि माइकने शिट्टी मारली. साउंडवाल्या पोराने आवाज कमी केला, तर आजी ऐकूच येईनात. वाढवला की परत शिट्टी. पखवाज मात्र धडाधड वाजतोय. शेवटी त्याने आजींचा माइक बंदच केला आणि म्हणाला, "आजी, जोरात म्हणा." आजी उठून मागे जाऊन बसल्या. पुढचे दोन महिने त्या भजनाला आल्याच नाहीत.

मग आम्ही ठरवलं, आपला स्वतःचा स्पीकर घ्यायचा. आणि पहिली चूक तिथेच केली. बाजारात एक चाकांचा ट्रॉली स्पीकर दिसला, रंगीत दिवे लुकलुकणारा. खोक्यावर हजारांत वॅट लिहिलेले. आम्ही आकडा बघूनच भुललो. देवळात लावला तर नुसता ढुम्म ढुम्म, शब्द एक कळेना. नंतर उमगलं की खोक्यावरचा तो आकडा पीएमपीओचा असतो, म्हणजे क्षणभर फुगवून सांगितलेला. खरा बघायचा आकडा आरएमएसचा. सतत चालताना यंत्र किती ताकद देतं, ते तो सांगतो. पीएमपीओ हजारांत असला तरी आरएमएस तीस-चाळीससुद्धा निघू शकतो. तेव्हा दुकानात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा, "आरएमएस किती?" आणि तो खोक्यावर नाही, माहितीपुस्तिकेत दाखवा म्हणावं.

वॅटबद्दल आणखी एक गोष्ट. वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं. दुप्पट वॅटने आवाज जरासाच वाढल्यासारखा वाटतो, कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. म्हणून पन्नासऐवजी शंभर वॅटसाठी जास्तीचे चार-पाच हजार देण्याआधी विचार करा. ते पैसे चांगल्या माइकला लावले तर जास्त कामी येतात. देऊळ, समाजमंदिर, अंगणातलं हळदीकुंकू, पन्नास-शंभर माणसं, एवढ्याला चांगल्या बनावटीचे पन्नास-साठ वॅट आम्हाला पुरतात. मोठ्या मांडवाला पुरत नाहीत. तिथे भाड्याचाच सेट लागतो, हे मान्य करून टाकलेलं बरं.

दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तेव्हा बैठकीत खरी खडाजंगी झाली. एक ताई म्हणाल्या, "गटाचा पैसा शेळ्यांना द्या, खोक्याला कशाला?" त्यांचं चुकीचं नव्हतं. आम्ही मग बचतीला हात लावला नाही. भजनाची जी बिदागी मिळते ती दोन वर्षं वेगळ्या डब्यात ठेवली, वहीत लिहिली आणि त्यातूनच खरेदी केली. तुम्हालाही हेच सांगू. स्पीकरसाठी गटाचं कर्ज काढू नका, त्याच्यातून हप्त्याएवढी कमाई होत नाही.

या वेळी तालुक्याला न जाता शहरात वाद्यांच्या दुकानात गेलो. जाताना आमची पेटी घेऊन गेलो आणि आजींनाही आग्रह करून नेलं. दुकानदार जरा बावरला, पण भला माणूस होता. त्याने आम्हाला एक लहानसा लाकडी खोका दाखवला. म्हणाला, हा गिटारचा आहे. आम्ही म्हटलं, गिटार आमच्यात कोण वाजवतंय? एकीची भाची शाळेत वाजवते, तेवढाच आमचा गिटारशी संबंध. पण त्याने समजावून सांगितलं आणि ते ऐकण्यासारखं होतं.

गिटारचे अँप्लिफायर दोन जातींचे असतात. विजेच्या गिटारचा अँप्लिफायर मुद्दाम आवाज बदलतो, त्याला खरखरीत, जाड करतो. त्यात पेटी किंवा गळा लावला तर डब्यात बोलल्यासारखं वाटतं. दुसरी जात लाकडी, पोकळ गिटारची. तिला अकूस्टिक गिटार म्हणतात. तिचा अँप्लिफायर आवाज आहे तसा मोठा करायला बनवलेला असतो. त्यात बहुतेक दोन वाटा असतात, एक गिटारला आणि एक माइकला, म्हणजे एकटा गाणारा-वाजवणारा माणूस एवढ्यावर कार्यक्रम करू शकतो. शिट्टी मारणारा नेमका सूर शोधून तेवढाच दाबायचं बटणही काहींत असतं. फिशमन कंपनीचा लाउडबॉक्स मिनी हा ६० वॅटचा दोन वाटांचा खोका याच जातीचा. रोलँड कंपनीचा एसी-३३ तर आठ पेन्सिल सेलवरसुद्धा चालतो, पण तो ३० वॅटचाच.

आजींनी त्या खोक्यात गवळण म्हटली. दुकानातली गिऱ्हाइकं थांबली. आजींचा आवाज आजींचाच वाटत होता, फक्त मोठा. आमच्यातल्या तिघी-चौघी म्हणाल्या, हाच घ्या.

पण घेतला नाही. का, ते सांगतो. आम्हाला लागतात किमान तीन वाटा. एक आजींना, एक मागच्या साथीला, एक पेटीला. त्या खोक्यात माइकची वाट एकच. गिटारची वाट गिटारच्या आत बसवलेल्या पिकअपसाठी असते, आमच्या पेटीत पिकअप कुठला? शिवाय दाखवलेला खोका विजेवरच चालणारा होता आणि आमच्याकडे काकड्याच्या वेळी लाइट असेलच असं नाही. तुमच्यात कुणी एकटी गाते, सोबत एकतारी किंवा गिटार आहे, घरात वीज आहे, तर तिने तो जरूर बघावा. कीर्तनकार ताईंनाही चालेल. आमच्यासारख्या घोळक्याला नाही.

आम्ही शेवटी घेतला तो बॅटरीचा स्पीकर, आठ इंची, आतच चार वाटांचा मिक्सर असलेला. प्रत्येक वाटेला वेगळं आवाजाचं बटण आणि जाड-बारीक करायची वेगळी बटणं. हे वेगळेपण नीट बघून घ्या. खूप स्पीकरांवर माइकच्या दोन भोकांना मिळून एकच बटण असतं. मग आजींचा आवाज वाढवला की पेटीचाही वाढतो आणि सगळी मेहनत फुकट.

माइकही बघून घ्या. साधा डायनॅमिक माइक घ्यावा. त्याला वेगळी वीज लागत नाही, दणकट असतो आणि समोरचं ऐकतो, मागचं फारसं नाही. कंडेन्सर माइक नाजूक ऐकतो, पण बहुतेकांना ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि घोळक्यात तो टाळ, खोकला, पोराचं रडणं सगळंच गोळा करतो. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा डायनॅमिक माइक १९६६ पासून जगभर वापरात आहे, आणि म्हणूनच त्याची नक्कलही बाजारात भरपूर. फारच स्वस्तात मिळाला तर समजून जा. वायर तीन पिनांची घ्या, लांब टाकली तरी घरघर कमी येते. आणि मोबाइलच्या ब्लूटूथवरून गायला जाऊ नका. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, ताल हमखास चुकतो. मध्ये आरतीची टेप लावायला ब्लूटूथ ठीक आहे.

आता बॅटरी. आमच्यातली हिशेबवाली ताई इथे उपयोगी पडली. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करायचा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास म्हणजे ८४. स्पीकर सरासरी २० वॅट खात असेल तर ८४ भागिले २०, कागदावर चार तास. प्रत्यक्षात अडीच-तीन धरा. शिशाची बॅटरी पार संपेपर्यंत वापरू नका आणि संपलेली तशीच ठेवू नका, मरते. भजन नसलं तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. ही पाळी आम्ही पौर्णिमेला बांधून टाकली आहे, म्हणजे विसरत नाही. लिथियमची बॅटरी हलकी असते, पण बदलायची झाली तर महाग. ती तालुक्याला बदलून मिळेल का, हे आधीच विचारा.

वजनही उचलून बघा, दुकानातच. दुकानदाराने उचललेलं नव्हे, आपण स्वतः. आम्ही दोघींनी मिळून उचलून दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहिल्या. जो स्पीकर न्यायला दर वेळी कुणाच्या तरी नवऱ्याची किंवा पोराची वाट बघावी लागते, तो आपला कसला? याच कारणाने बटणंही आम्हीच शिकलो. सुरुवातीला एक पुतण्या यायचा, त्याने मोबाइलवर बोलता बोलता आजींचा आवाज दोनदा घालवला. आता आमच्यातली एक जण टाळ बाजूला ठेवून बटणांपाशी बसते. तिची चूक झाली तर आम्ही तिला ओरडू शकतो, पुतण्याला ओरडता येत नव्हतं.

शिट्टीचं कोडं सगळ्यात शेवटी सुटलं, आणि त्याला पैसा लागत नाही. माइकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच परत माइकमध्ये शिरतो, परत बाहेर येतो, असा फिरत राहिला की शिट्टी होते. म्हणून स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे ठेवायचा, तोंड लोकांकडे. माइकची पाठ स्पीकरकडे आली पाहिजे. त्या सप्ताहात स्पीकर आमच्या पाठीमागे होते, तिथेच सगळं बिघडलं होतं, आजींचा काहीच दोष नव्हता. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा. लाजून हातभर लांब धरला तर बटण वाढवावं लागतं आणि शिट्टी येते. माइकची जाळी मुठीत झाकू नका, त्यानेही शिट्टी येते. जी गात नाही तिचा माइक बंद करा, उघडे माइक जितके जास्त तितकी शिट्टी लवकर. आणि स्पीकर जमिनीवर नको, स्टँडवर बसलेल्या माणसांच्या डोक्यावर येईल इतका उंच. जमिनीवर असला की पहिली रांग कान झाकते आणि शेवटच्या रांगेला काही कळत नाही.

पखवाजाला आणि टाळांना देवळात माइक लावूच नका. त्यांचा मूळचाच आवाज भरपूर. टाळकरणींना आजींच्या माइकपासून चार हात मागे बसवा. यावरूनही आमच्यात रुसवेफुगवे झाले, पुढची जागा कोण सोडतंय? पेटीचा माइक पट्ट्यांवर टेकवायचा नाही, वीतभर लांब ठेवायचा, नाहीतर सुराऐवजी भात्याची फसफस ऐकू येते.

एक कायद्याची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लावता येत नाही. सरकार सणासाठी वर्षातले मोजके दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीची किमान १०० मीटरची जागा सरकार शांततेची म्हणून जाहीर करू शकतं. आमचा काकडा पहाटे पाचला असतो, तो आम्ही स्पीकरशिवायच म्हणतो. थंडीत तो तसाच गोड लागतो, खरं सांगायचं तर.

पावती पक्की घ्या, मंडळाच्या नावाची, दुकानदाराचा शिक्का आणि तारीख असलेली. वॉरंटीत बॅटरी धरली आहे की नाही ते वाचा. आमच्यात ती धरलेली नव्हती, हे घरी आल्यावर कळलं.

आजी आता परत येतात. पहिल्या दिवशी माइक हातात घेऊन त्यांनी आधी स्पीकरकडे वळून बघितलं, तो कुठे ठेवलाय ते. मग गवळण म्हटली.

आमचा स्पीकर बघायचा असेल तर दर एकादशीला रात्री आठ ते साडेनऊ आम्ही मारुतीच्या देवळात असतो. येताना तुमची पेटी घेऊन या, तुमच्या पेटीला कसा वाजतो तेही बघता येईल. आणि स्पीकर आणायला आधी कुणी मागू नका, पाऊस संपेपर्यंत तो बाहेर द्यायचा नाही असं बैठकीत ठरलं आहे.