सायकलने दूरचा प्रवास : नवशिक्यांस आणि सरावलेल्यांस

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनात विद्या, विवाह आणि व्यवसाय या तीन विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा सायकलीवर भाषण ठेवावे, ही सूचना कार्यकारिणीपुढे आली तेव्हा एकदोन वडीलधाऱ्यांनी स्मित केले, असे आमच्या कानी आले. त्या स्मिताचा आम्हांस विषाद नाही. ज्यांनी उभी हयात सायकलीवरून कचेरी गाठली आणि पुढे स्कूटर घेतली तेव्हा घरात पेढे वाटले, त्यांना नातवंडे हौसेने घाट चढून घाम गाळतात याचे नवल वाटणारच. परंतु गेल्या वर्षी तरुण शाखेतील काही मुलामुलींनी मुंबईहून किनाऱ्याच्या वाटेने गोव्यास सायकलने जाण्याचा बेत केला आणि निम्म्याहून अधिक घरांतून त्यास नकार मिळाला. मुलींना तर एकाही घरातून अनुमती मिळाली नाही. तो नकार कितपत योग्य होता, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

हे वेड आजचे नव्हे. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या पारशी तरुणांनी १९२३ च्या ऑक्टोबरात सायकलीवर टांग मारली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून ते १९२८ च्या मार्चमध्ये घरी परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरांची ती मजल होती. निघताना ते सहाजण होते; अखेरपर्यंत तिघेच टिकले. गियर नाहीत, धड रस्ते नाहीत, नकाशेही तुटपुंजे. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतबाहेर, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर अंतर तोडले, तेही सोबतीला मोटार न घेता. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आले, हेही येथे सांगितले पाहिजे. संकटे येतच नाहीत असे सांगून पालकांची समजूत घालणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पालकांचे भय मुख्यतः रस्त्याचे असते आणि ते भय खरे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांच्या लगटीतून नवख्या मुलांनी सायकल चालवावी, असे आम्ही कदापि सुचविणार नाही. पण गोव्यास जाण्याची ती एकच वाट नव्हे. मांडव्याहून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णे, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी समुद्राच्या कडेकडेने जाणारी वाट महामार्गाच्या मानाने पुष्कळच निवांत आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास वाहने नेणारी बोट २०२० साली सुरू झाली, तेव्हापासून मुंबईच्या गर्दीतून सायकल काढण्याचा प्रश्नही बराचसा सुटला आहे.

या वाटेची गंमत खाड्यांत आहे, आणि कष्टही खाड्यांतच आहेत. आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेश्वीस, दाभोळहून धोपाव्यास, तवसाळहून जयगडास, आणि शेवटी तेरेखोलहून केरीस असे फेरीबोटीने पाणी ओलांडावयाचे. बोटींच्या वेळा ठरलेल्या असतात, पावसाळ्यात त्यांचा भरवसा धरता येत नाही आणि ठिकठिकाणी पुलांचे घाटत असल्याने व्यवस्था बदलतही जाते. म्हणून आदल्या मुक्कामी चौकशी केल्यावाचून निघू नये. बोटीतून उतरले की समोर चढ उभाच असतो. कारण खाडी समुद्राच्या पातळीवर आणि गावे जोडणारा रस्ता वर जांभ्याच्या सड्यावर. शेदीडशे मीटर चढावे, सड्यावर घटकाभर मोकळा वारा खावा, की लगेच पुढील खाडीसाठी तितकेच उतरावे. दिवसातून असे तीन-चार वेळा होते. नकाशात पन्नास किलोमीटर दिसणारी मजल पायांना ऐंशीची वाटते, ती यामुळे. देशावरच्या सपाटीवर सत्तर किलोमीटर सहज चालविणाऱ्यानेही येथे पन्नासच धरून चालावे. अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. तेव्हा दहा दिवस हातात असावेत.

निघण्याचा काळ नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा, आणि दिशा उत्तरेकडून दक्षिणेची. त्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येचा असतो. दक्षिणेस जाणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो. वाऱ्याचा हा हिशेब क्षुल्लक समजू नये. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो. समोरचा वारा असताना ईर्ष्येने वेग राखू पाहणारा मनुष्य तासाभरात थकतो, तो याच कारणाने.

नवशिक्यांनी प्रथम सायकल अंगास बेतून घ्यावी. पेडल अगदी खाली असता त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. आमच्याकडे गुडघेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची सीट दोन-तीन बोटे खाली असलेली आढळते. महागडी सायकल लागतेच असे नाही. चढासाठी पुरेसा हलका गियर, दोन्ही चाकांस खात्रीचे ब्रेक आणि बत्तीस ते चाळीस मिलीमीटर रुंदीचे टायर असले म्हणजे झाले. अगदी अरुंद टायर खडीच्या रस्त्यावर हात बधिर करून सोडतात. जड गियरवर जोर लावून पेडल दाबण्यापेक्षा हलक्या गियरवर मिनिटास सत्तर-ऐंशी फेरे पडतील असे पाय फिरवावेत; त्याने गुडघे वाचतात. आणि चढावर उतरून सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा मानू नये. हे विशेषतः मुलग्यांना सांगावे लागते.

उताराबाबत मात्र आम्ही कठोर आहोत. सड्यावरून खाडीकडे उतरणारे रस्ते अरुंद, वळणांचे आणि कित्येक ठिकाणी वाळू पडलेले असतात. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक वापरावे, अंग किंचित मागे घ्यावे, आणि ब्रेक सतत दाबून न धरता दाबत-सोडत उतरावे, नाहीतर रिम तापते. चढावर कोणी सहसा जखमी होत नाही. जे काही होते ते उतारावर.

ओझे पाठीवर कधीही घेऊ नये. कॅरिअरच्या दोन्ही अंगांस खाली लोंबणाऱ्या पिशव्यांत ते सारखे वाटून भरावे. दोन जोड कपडे, त्यांतील एक धुऊन वाळत घातलेला, एवढे पुरे होते. पंप, दोन जादा ट्यूब, सोल्यूशन व ठिगळे, टायर काढण्याच्या पट्ट्या, पाने, ब्रेकचे गुटके, मागचा तांबडा दिवा आणि शिरस्त्राण यांत मात्र काटकसर नको. ज्यास स्वतःच्या हाताने पंक्चर काढता येत नाही त्याने अद्याप मुंबई सोडू नये. घरच्या अंगणात तीन वेळा चाक काढून बसविले की ही विद्या येते. आमच्या माहितीत एक आजी साठी उलटल्यावर ती शिकल्या आणि आता सोसायटीतील मुले त्यांच्याकडे सायकली घेऊन येतात.

भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे. घाम फार जातो म्हणून पाण्यात मीठ-साखर-लिंबू असावे. केळी, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की यांच्यापुढे परदेशी पुड्यांची मातब्बरी आम्हांस वाटत नाही. सकाळी उजाडताच निघावे, उन्हाच्या भरात दोन तास सावलीत काढावे, आणि चारपर्यंत मुक्काम गाठावा. डिसेंबरात सहानंतर अंधार पडू लागतो आणि कोकणातल्या वळणांवर दिवे नसतात.

जे सरावलेले आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्रान्समधील ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार चालणाऱ्या दीर्घ सफरींत आपल्यातील काहीजण भाग घेतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करावयाचे असते. १८९१ पासूनचा इतिहास असलेली, चार वर्षांनी येणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरांची सफर त्या मार्गावरचे पंढरपूरच. या चिकाटीचे आम्हांस कौतुक आहे. पण रात्री झोप मोडून सायकल हाकण्यात जो धोका आहे तो पदक मिळाल्याने कमी होत नाही. डोळा जड होताच एखाद्या ओट्यावर वीस मिनिटे आडवे व्हावे, मग वेळ हुकली तरी चालेल. शिवाय अशा मंडळींनी वर्षातून एक सफर घड्याळ न लावता, नवशिक्यांच्या मागे राहून करावी. तांड्याच्या शेवटी जाणकार मनुष्य हवा असतो, पुढे नव्हे.

राहिला मुलींचा प्रश्न. संध्याकाळचा मुक्काम कोठे, ही आयांची पहिली विचारणा असते आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर आपल्याच हाती आहे. या वाटेवरील कितीतरी गावांत आपल्या कुटुंबांची घरे आहेत. गौरीगणपतीस आणि शिमग्यास ती उघडतात. एरवी कुलूप असते. मुंबई-पुण्यात वाढलेल्या कित्येक मुलांना आपले गाव केवळ लग्नपत्रिकेवरचे नाव म्हणून ठाऊक आहे. मोटारीने गेल्यास ते गाव दहा मिनिटांत मागे पडते. सायकलीने जाणारा विहिरीशी थांबतो, कोणाचा कोण ते सांगतो, आणि घावणे खाल्ल्यावाचून त्यास कोणी सोडत नाही.

यास्तव आमची एवढीच विनंती आहे. मुरूडपासून शिरोड्यापर्यंत ज्यांची घरे आहेत त्यांनी, वर्षातून एक रात्र आठ-दहा मुलामुलींना ओसरी देता येईल काय, हे चिटणीसांकडे कळवावे. गावात किल्ली कोणाकडे असते, विहिरीस पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहते, आणि शेजारच्या कोणा काकू त्या रात्री सोबतीस येऊन निजतील काय, हेही सोबत लिहावे. परतीची काळजी नको. कोकण रेल्वे १९९८ पासून थेट धावते आहे आणि मडगावास सायकली सामानाच्या डब्यात चढविता येतात, मात्र त्यासाठी स्थानकावर दोन-तीन तास आधी पोहोचावे लागते. पत्रे दिवाळीपूर्वी आली तर मुक्कामांची यादी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पालकांच्या हाती देता येईल.